म्हातारा उठला नाही

१

पुठ्ठ्याच्या कारखान्यात पाचव्या ड्रमचं बेअरिंग फुटलं तेव्हा असा दणका बसला की नदीपलीकडे माझ्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ मागे गेलं. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, ते अजून मागेच आहे. मी गोष्टी फुगवून सांगतो अशी माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीने कमावली आहे. पण इथून पुढे फुगवण्याची इच्छा होत नाही. त्या दणक्यात ज्याचे पाय भाजले, तो माझ्या धाकट्या बहिणीचा जावई.

आधी यंत्र समजून घ्या. माणूस आत उभा राहील एवढे पोकळ लोखंडी ड्रम ओळीने बसवलेले. त्यांच्या पोटात वाफ सोडतात, वरून ओला पुठ्ठा सरकत जातो आणि शेवटच्या ड्रमवरून खडखडीत वाळून उतरतो. प्रत्येक ड्रम दोन बेअरिंगांवर फिरतो, एकेक दोन्ही टोकांना. सुट्टीनंतरच्या सकाळी यंत्र तापवायला घेतलं, आणि पाचव्या ड्रमचं एका टोकाचं बेअरिंग जाम झालं, तापलं, फुटलं. ड्रम खचला, वाफेचा नळ निखळला, आणि शेजारी उभ्या असलेल्या तेलवाल्याच्या गुडघ्यांपर्यंत वाफ आली.

तेलवाला म्हणजे यंत्राला तेल आणि ग्रीस घालणारा. म्हणजेच आमचा जावई.

त्याच्या पायांना पट्ट्या बांधून होण्याआधी कारखान्याचा अहवाल बांधून तयार होता. तेलवाल्याने कामचुकारपणा केला, ग्रीस घातलं नाही, बेअरिंग कोरडं पडून फुटलं. नोकरी जाणार, वर खटला. त्या कागदावर फक्त एक सही राहिली होती, बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीच्या जाणकाराची. कंपनीने निरोप दिला की त्या जातीच्या बेअरिंगची आमच्याकडची सगळ्यात मोठी जाणकार आता घरी बसलेली असते, पण तिला पाठवतो.

ती घरी बसलेली जाणकार म्हणजे माझी बहीण. जावयाची सासू.

२

घरात तिला ठिणगी म्हणतात. लहानपणी तिने रागाने पाहिलं की चुलीतलं ओलं लाकूड पेट घ्यायचं. आईने काडेपेटी आणणंच बंद केलं होतं.

तिचं सगळं आयुष्य बेअरिंग निवडून देण्यात गेलं. लोक यंत्राचा नकाशा घेऊन यायचे आणि ही लग्न जुळवावं तसे प्रश्न विचारायची. भार किती, वेग किती, धूळ किती, ताप किती, शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, वाकतो का, सरकतो का. हलकं आणि वेगाचं काम असेल तर गोळ्यांचं बेअरिंग. जड असेल तर रोलरचं. बाजूने रेटा येत असेल तर तिरक्या रोलरचं. शाफ्ट मधेच वाकत असेल तर दोन ओळींचं, जे वाकण्याबरोबर स्वतः कलतं. अख्ख्या मुलखातली यंत्रं तिच्या पसंतीने नांदली. मुलीने मात्र नवरा स्वतःच निवडला, आईला नकाशा न दाखवता. तो राग तिने अजून जपून ठेवला होता.

"दादा, चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मी कुणाच्या अंगावर धावून गेले तर मागे ओढायला कुणीतरी हवं."

"आणि मी धावून गेलो तर?"

"तुझे गुडघे पाहिलेत मी."

आधी गेलो दवाखान्यात. चाकांच्या खाटेवर जावई पडलेला, आणि तो जरा हलला की खाटेचं एक चाक असं किंचाळायचं की शेजारचा रोगी दचकून बरा व्हावा. भाची उशाशी उभी होती. आईला पाहून तिने पदर कमरेला खोचला. भांडणाचीच तयारी.

"ग्रीस घातलं होतं का?" बहिणीने उभ्या उभ्या विचारलं. बरा आहेस का, वगैरे नाहीच.

"घातलं होतं, आई."

"खोटं बोलशील तर पायांवर बसेन."

"आई, जरा हळू," भाची म्हणाली. "तो भाजलाय."

"तोंड नाही भाजलं त्याचं. बेअरिंग तापत होतं तेव्हा बाकी सगळे लांब होते. हा एकटाच त्याच्याजवळ वाकून उभा. का? विसरलेलं ग्रीस गुपचूप घालायला गेला होतास, असं लिहिलंय अहवालात. ते तरी खोडून दाखव."

जावयाने डोळे मिटले. चाक किंचाळलं.

"कान लावायला गेलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी म्हातारा उठला नाही, म्हणून."

तेवढ्यात नर्सने येऊन आम्हाला बाहेर काढलं.

३

"ताप डोक्यात गेलाय त्याच्या," असं पुटपुटत बहीण कारखान्याच्या फाटकातून शिरली. मालकीणबाई स्वागताला उभ्या होत्या. मऊ बोलणाऱ्या, मऊ चालणाऱ्या.

"एक विचारते, राग मानू नका. तेलवाल्याचं आणि तुमचं काही नातं असल्याचं कानावर आलं."

"तो माझा जावई आहे."

"मग तुमच्याकडून पक्षपात..."

"बाई, त्या माणसावर माझा लग्नाच्या दिवसापासून राग आहे. पक्षपात झालाच तर तुमच्या बाजूने होईल."

मालकीणबाईंना ते पटलं. त्यांनी आम्हाला मोठ्या साहेबांकडे पाठवलं. यंत्रांचा सगळा कारभार साहेबांच्या हातात. लोक त्यांना माघारी चापसाहेब म्हणत. का, ते खोलीत पाऊल टाकताच कळलं. खुर्च्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या. कपाट भिंतीला आवळलेलं. पेनांचा डबा टेबलाला स्क्रूने जोडलेला. मला क्षणभर वाटलं, यांची मिशीही मागून नट लावून बसवली असणार.

"ढिलाई," साहेब म्हणाले. "या कारखान्याचा रोग ढिलाई आहे. माणसं ढिली, कामं ढिली. मी आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर बाजारातलं सगळ्यात दणकट बेअरिंग निवडलं. दोन ओळींचं, तुमच्याच कंपनीचं. आणि तुमच्या जावयाने ते उपाशी मारलं. बघा, आहे का आत ग्रीसचा थेंब?"

टेबलावर फुटकं बेअरिंग ठेवलं होतं. काळंठिक्कर.

बहिणीने ते बोटाने खरवडलं. नखात काळी साय आली. "साहेब, पातेल्यात दूध जळून गेलं तर पातेलं कोरडंच दिसतं. म्हणून दूध ठेवलंच नव्हतं म्हणाल?"

"म्हणजे?"

"हे कोरडं नाही. जळलेलं आहे. ग्रीस होतं."

साहेबांचा चेहरा पेनाच्या डब्यासारखाच घट्ट राहिला. "मग कमी घातलं असेल. सही आजच हवी. उद्या यंत्र सुरू होतंय."

"सुट्टीच्या दिवशी या ड्रमला कुणी हात लावला होता?"

"कुणीही नाही."

दाराशी हातात पाना घेऊन उभे असलेले फोरमन खोकले. हे गृहस्थ पाना हातातून सोडतच नसत, बहुतेक झोपेतही नाही. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि खोकला जागच्या जागी बंद झाला.

मी आपलं सहज विचारलं, "फोरमनसाहेब, इथे म्हातारा कोण आहे?"

फोरमनच्या हातातला पाना खाली पडला.

४

पाना उचलता उचलता फोरमन बोलले. "माणूस नाही तो. आवाज आहे. पाचवा ड्रम तापला की मोकळ्या बाजूने एक ठोका येतो. पोरं म्हणतात, म्हातारा उठला. तो उठल्याशिवाय पुठ्ठा सोडत नाहीत. जुनी सवय आहे इथली."

"अडाणीपणा," साहेब म्हणाले.

बहीण तडक दाराकडे निघाली. ती न भांडता निघाली की मला भीती वाटते. बाहेर आल्यावर तिने मला भिंतीशी उभं केलं.

"लोखंड तापलं की लांबतं, एवढं तरी तुला माहीत आहे ना? वाफ आत आली की ड्रम नखभर लांबतो. म्हणून एका टोकाचं बेअरिंग त्याच्या बसायच्या लोखंडी पेटीत जखडून ठेवतात, ती बांधलेली बाजू. दुसऱ्या टोकाचं बेअरिंग पेटीत सरकायला मोकळं ठेवतात. ड्रम लांबला की ते बाहेरच्या अंगाला सरकतं. या ड्रमचं जरा अडून मग एकदम सरकत असणार. तोच यांचा म्हातारा."

"आणि त्या दिवशी तो उठला नाही."

"हो. आणि गाढव तिथे कान लावायला गेला." ती जरा थांबली. "सगळ्यांत तो एकटाच गेला."

एका रागातून दुसऱ्या रागात जाताना मधे जी जागा लागते, तिथे मी माझ्या बहिणीला त्या दिवशी पहिल्यांदा उभं पाहिलं. फार वेळ नाही राहिली ती तिथे.

तिथून आम्ही कोठारात. बहिणीला शंका होती की बेअरिंग नकली असावं आणि सरकलं नाही ते त्यामुळे. कोठारीणबाई तिच्याच जातकुळीच्या निघाल्या. भांडायला बसायच्या आधी चष्मा पुसून घेणाऱ्या.

"नकली? माझ्या कोठारात? बाई, माझ्याकडे जुना खिळा जमा केल्याशिवाय नवा खिळा मिळत नाही. मालकीणबाई आल्या तरी नाही. ओरखडा असलेला स्क्रू मी परत पाठवते. या, बघा, वासही घ्या."

दोघी बेअरिंगांच्या खोक्यांवर अशा तुटून पडल्या की धूळ आपणहून बाजूला झाली. मी भिंती बघत हिंडू लागलो. एका भिंतीवर खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एका मापाच्या पोलादी कड्या. कुठे चिठ्ठी नाही, आकडा नाही. या कड्या पेटीत बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना घालतात, म्हणजे बेअरिंग सरकत नाही. बांधलेल्या बाजूला घालतात, मोकळ्या बाजूला नाही.

कोपऱ्यातल्या खिळ्यावर चकचकीत पांढऱ्या कड्यांच्या मागे दोन कड्या वेगळ्या दिसल्या. निळ्या, जांभळ्या, थोड्या सोनेरी. मोरपंखी.

"अगं ठिणगी, इथे मोरपंखी कड्या आहेत. जणू एखाद्या ड्रमचं लग्न ठरलंय."

"दादा, गप्प बस."

"माझ्या सगळ्या कड्या पांढऱ्या आहेत," कोठारीणबाई मान न वळवता म्हणाल्या. "यांना चष्मा लागलाय का?"

"त्याला जन्मापासून लागलाय," बहीण म्हणाली. "आमच्या घरी घड्याळ मागे गेलंय म्हणतो."

माझं नाव खराब आहे, त्याला मी काय करणार. बेअरिंग अस्सल निघालं. जावयावरचा ठपका जागचा हलला नव्हता आणि साहेब सहीसाठी पेन उघडून बसले होते.

५

साहेबांच्या खोलीत बहिणीने फुटकं बेअरिंग पुन्हा हातात घेतलं आणि खिडकीशी नेलं. या जातीच्या बेअरिंगात रोलरच्या दोन ओळी असतात, शेजारी शेजारी. तिने पदराने काजळी पुसली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"साहेब, ग्रीस कमी पडलं तर किती ओळी मरतात?"

"दोन्ही. उघड आहे."

"इथे एकच मेलीय. बाहेरच्या अंगाची. चुराडा झालाय. आतल्या ओळीचे रोलर बघा, काळे आहेत पण अंगावर खरचटलेलंही नाही. उपासमारीत एक भाऊ मेला आणि दुसरा गुटगुटीत, असं होतं का? याला कुणीतरी बाजूने रेटलंय. आतून ड्रम ढकलतोय, आणि बाहेरून कुणीतरी अडवून धरलंय."

"तर्क आहे हा."

"हो. तर्कच आहे." तिने बेअरिंग उलटं केलं. बाहेरच्या कडेवर एक गोल पट्टा उमटला होता. बाकी सगळं काळं, आणि तेवढा पट्टा दाबून घासलेला, निळसर. कशाचीतरी कड तिथे टेकून, तापून, चिकटल्यासारखी बसली होती.

पोलाद फार तापलं की निळं पडतं. हे मलाही ठाऊक आहे, कुणालाही ठाऊक असतं. बहीण सावकाश माझ्याकडे वळली.

"दादा, ती मोरपंखी कडी खरी होती, की तुझी होती?"

खरं बोलल्याबद्दल घाम फुटण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

"खरी होती," मी म्हणालो. "दोन होत्या."

साहेब उठायला गेले. त्यांच्या खुर्च्या जमिनीला आवळलेल्या, खुर्ची मागे सरकेना. टेबल आणि खुर्ची यांच्यामध्ये ते अर्धे उभे, अर्धे बसलेले अडकून राहिले.

६

बहिणीने सगळ्यांना पाचव्या ड्रमजवळ बोलावलं. मालकीणबाई, साहेब, फोरमन, कोठारीणबाई. यंत्रावरची माणसं आपणहून गोळा झाली. दोन्ही मोरपंखी कड्या तिच्या हातात होत्या. फुटक्या बेअरिंगच्या पट्ट्यावर तिने एक टेकवली. अशी बसली जणू तिथेच जन्मली.

"बांधलेल्या बाजूची पेटी आत्ता माझ्यासमोर उघडली. तिच्या दोन्ही कड्या जागेवर आहेत, पांढऱ्या शुभ्र. मग या भाजलेल्या कड्या कुठल्या? मोकळ्या बाजूच्या. जिथे कड्या असायलाच नकोत. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी त्या तिथे घातल्या आणि ड्रम दोन्हीकडून जखडला. बेअरिंग फुटल्यावर कुणीतरी त्या काढून लपवल्या. काढल्या तेव्हा तेलवाला दवाखान्यात होता, म्हणजे तो नाही."

"मग या बाई," साहेब कोठारीणबाईंकडे बोट दाखवत म्हणाले. "कोठारात सापडल्यात."

"ओरखडा असलेला स्क्रू परत पाठवणारी बाई भाजलेली कडी नव्या कड्यांत टांगेल? आणि साहेब, लपवण्याचं काम तुमच्या हातचंही नाही. तुम्ही त्या नदीत फेकल्या असत्या. या कड्या अशा माणसाने टांगल्या ज्याला भिंतीवरचा नेमका खिळा चिठ्ठीशिवाय माहीत आहे. जुनं जमा करायची इतक्या वर्षांची सवय ज्याच्या हाताला लागली आहे. चांगलं पोलाद ज्याच्याने फेकवत नाही."

सगळ्यांनी फोरमनकडे बघितलं. 

"मी घातल्या," फोरमन म्हणाले. "मीच काढल्या. घालायला साहेबांनी सांगितलं आणि काढायलाही. मी म्हणालो होतो, म्हातारा उठतो त्याला कारण असेल. साहेब म्हणाले, कारखाना बघायला पाहुणे येणार आहेत, मालकीणबाईंना मी शब्द दिलाय की यंत्र ठोके न देता नुसतं कुजबुजेल."

"ठोका म्हणजे ढिलाई," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण पश्चात्तापाने नाही. "यंत्र ठोके देतंय आणि मी ऐकत बसू? मी सगळ्यात दणकट बेअरिंग निवडलं होतं. ते टिकायला हवं होतं."

"दणकट निवडलंत. पण त्याला हलायला जागा ठेवली नाहीत. निवड म्हणजे दुकानातलं सगळ्यात जड उचलून आणणं नव्हे. कुठे बांधायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, हे ठरवणं म्हणजे निवड. ड्रम तापणार आणि लांबणार. लोखंड तुमच्या हाताखाली नोकरीला नाही, तुमच्या डोळे वटारण्याने ते आखूड होणार नाही. जो नोकरीला होता त्याचे पाय गेले भाजून, आणि त्याच्याच नावावर तुम्ही अहवाल लिहिलात. उद्या बाकीच्या ड्रमनाही कड्या घालणार होतात ना?"

 यंत्रावरची माणसं हलली. त्यांतला प्रत्येक जण उद्या कुठल्या ना कुठल्या ड्रमजवळ उभा राहणार होता.

मालकीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"तुम्हाला कुजबुज हवी होती, बाई. ती कशी येते हे तुम्ही विचारलं नाहीत. आधी तो अहवाल फाडा, मग मऊ बोला."

अहवाल तिथेच फाटला. नवा बहिणीने लिहायचा ठरला, आणि साहेबांना त्या दिवसापासून यंत्राजवळ फिरकायची बंदी झाली. पाहुणे आता आले की ठोका ऐकूनच जाणार होते.

फोरमन बहिणीच्या मागे मागे आले. "ताई, फेकता आल्या असत्या मला. नाही फेकल्या. कुणाला तरी सापडाव्यात म्हणूनच टांगल्या."

मला वाटलं, आता ती नरम पडेल. माणूस रडवेला झाला होता.

"सापडाव्यात म्हणून?" ती म्हणाली. "तोंड होतं ना तुम्हाला? पोरगा दवाखान्यात चोर ठरत होता, आणि तुम्ही तुमची लाज खिळ्याला टांगून घरी जेवायला गेलात. आमचा हा दादा तोंडाने इतकं खोटं बोलतो, पण त्याच तोंडाने एकदा खरंही बोलला. तुमच्याने एकदाही झालं नाही."

फोरमनला मी कधी पान्याशिवाय पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो त्यांनी ड्रमवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

७

दुसऱ्या दिवशी मोकळ्या बाजूला नवं बेअरिंग बसलं, कड्यांशिवाय. वाफ सोडली. सगळे कान देऊन उभे. पाचव्या ड्रमच्या टोकाकडून एक ठोका आला, दारावर टकटक करावी तसा. यंत्रावरच्या माणसांनी पुठ्ठा सोडला. माझं घड्याळ तेव्हा पुढे आलं असतं, पण मी सांगितलंय ना, फुगवणार नाही.

दवाखान्यात भाचीने आम्हाला पाहून पदर खोचला, मग आईचा चेहरा बघून सोडला.

"ठपका गेला," बहीण म्हणाली. "नोकरी आहे. खटला नाही."

जावई उठून बसायला गेला आणि चाक किंचाळलं.

"आई, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी काही नाही. बेअरिंगसाठी." तिचा चेहरा पुन्हा लाल झाला. "आणि तापलेल्या बेअरिंगला कान लावायला कुणी सांगितलं होतं तुला? लांबून ऐकता येत नव्हतं? बायको आहे घरी, एवढी अक्कल नाही?"

"म्हातारा उठला नाही, तर कुणीतरी बघायला हवं होतं."

  तिने पिशवीत हात घालून ग्रीसचा छोटा डबा काढला, म्हणजे येतानाच घेऊन आली होती. मग गुडघे टेकून ती खाटेखाली शिरली.

"आई, राहू द्या, मी करतो नंतर," जावई म्हणाला. "तेलवाला मी आहे."

"तू हलू नकोस," खाटेखालून आवाज आला. "सगळ्या कारखान्यापुढे सिद्ध करून आलेय की तू ग्रीस नीट घालतोस. आता इथे मधे मधे करू नकोस."

चाक कधीच गप्प झालं होतं. तरी ती बराच वेळ खालीच होती, आणि नाक ओढल्याचा जो आवाज येत होता, तो चाकाचाच होता असं मी भाचीला सांगितलं.